पहिली लाट

काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसवलं होतं मला. बीप ऐकू आला की बटण दाबायचं. खालच्या सुरांना मी बटण दाबलंच नाही, आणि संध्याकाळपर्यंत शंतनूने माझ्या सगळ्या विद्यार्थिनींना फोन करून टाकले: "आईचा गाण्याचा क्लास बंद."

मी तंबोऱ्याच्या तारेखाली नवा दोरा सरकवत होते, तेव्हा तो लॅपटॉप घेऊन समोर बसला. समजूत काढायला. "आई, कुठलाही सूर म्हणजे साध्या लाटांची बेरीज. ही तुझ्या षड्जाची पहिली लाट." त्याने ती वाजवली. मला काहीच ऐकू आलं नाही. "बघ! षड्जच ऐकू येत नाही, तर शिकवणार काय?"

"आणि बाकीच्या लाटा?"

"त्या वरच्या. त्या येतील ऐकू."

"मग पहिली काढून टाक आणि उरलेल्या सगळ्या एकदम लाव."

त्याने लावल्या. मी डोळे मिटून सा लावला आणि श्वास संपेपर्यंत धरून ठेवला. डोळे उघडले तर शंतनू स्क्रीनवर उमटलेला माझा सूर बघत होता. "बरोबर पहिल्या लाटेवर लागलाय," तो हळूच म्हणाला. "पण ती तर यात नाहीचे!"

"नसू दे. बाकीच्या तिच्याच घरच्या आहेत. त्या सगळ्या बोलल्या, की ती कुठे आहे ते कळतं मला."

मी मोबाइल त्याच्या हातात दिला. "बंद म्हणून फोन तूच केलेस ना? आता चालू म्हणूनही तूच करायचे. आणि सांग, उद्या उशीर केला तर दारातूनच परत पाठवीन."