रविवारचा उपग्रह

एका उपग्रहावर सुरू झालेली ती इंटरनेट कंपनी चाळीस देशांत पोचली, पण स्कॉटलंडमधल्या आमच्या लुईस बेटावर एफी म्हातारीच्या छपरापाशी अडली. आमच्याकडे रविवार देवाचा. त्या दिवशी कोणी दोरीवर कपडेही वाळत घालत नाही. "रविवारी राबणाऱ्या उपग्रहाची वस्तू माझ्या घरावर नको," असं सांगून एफी तबकडी बसवणाऱ्या माणसाला दरवर्षी परत पाठवायची.

तिची नात इश्बेल एके दिवशी माझ्याकडे आली. इश्बेलची आई चार वर्षांपासून दक्षिणेच्या समुद्रात जहाजावर स्वयंपाक करते. तिला सुट्टी, आणि पडद्यावर घरच्यांशी बोलायची सवड, फक्त रविवारी.

"मास्तर, उपग्रह रविवारी थांबतो का हो?"

मी तिला कुंपणापाशी नेऊन दगड फेकायला लावला. तो पडला.

"अजून जोरात." तो लांब पडला.

"आणि इतका जोरात फेकलास, की तो पडतोय तशी खालची जमीनही वळत गेली, तर तो कधी टेकेल का?"

ती तशीच घरी पळाली. मीही मागोमाग गेलो.

"आजी, उपग्रह राबत नाही गं. एकदा फेकलाय, तेव्हापासून नुसता पडतोय."

एफीने विणकाम खाली ठेवलं. "आणि त्याला वीज?"

"उन्हाची."

म्हातारी माझ्याकडे वळली. "मास्तर, हे ठाऊक असून तोंड शिवून बसला होतात? माझ्या लेकीचे दोनशे रविवार वाया गेले."