दुसरा ब्रेक

घोड्यावर बसलेला माणूस जगाचा राजा असतो, असं बाबानं लेकीला वाटभर सांगितलं. मग राजाला घोड्यावर चढवायला दोन माणसं आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल लागलं. लेक आधीच चढून बसली होती.

"बाबा, पोट आत घे. घोडा बघतोय."

बाबाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. कोर्टानं लेकीला महिन्यातून एकदा शनिवार-रविवारपुरतं त्याच्याकडे सोपवलं होतं, तेही चाचणी म्हणून. शिकाऊ परवानाच म्हणा ना. काही वेडंवाकडं झालं, की रद्द. म्हणून तर तंबू, घोडे आणि एवढा थाट.

उतारावर झुडपात अडकलेली पिशवी फडफडली आणि लेकीचा घोडा बुजून पळाला. बाबाचा जन्म शिकाऊंच्या शेजारी बसून, पायाखालचा दुसरा ब्रेक सांभाळण्यात गेलेला. त्यानं सवयीनं पाय दाणकन दाबला. पाय रिकिबीत होता. टाच घोड्याच्या बरगडीत रुतली. घोडा बिचारा आज्ञाधारक, तोही उधळला. मागून टापा ऐकून पुढचा आणखी बिथरला, आणि लेक दगडांवर पडली.

आता ती तंबूसमोर बसली होती. मनगट टम्म सुजलेलं, पंजा भलतीकडेच वळलेला.

"मुरगळला असेल," बाबा म्हणाला.

"हो," लेक म्हणाली. रडली नाही. "आईला सांगू, जिन्यावरून पडले."

"तंबूला जिना कुठला, बाई?"

"तुझ्या घरचा. इकडे आलोच नव्हतो म्हणू."

"डॉक्टर विचारतील ना."

"मग डॉक्टर नकोच." तिनं थोडा विचार केला. "सोमवारी शाळेत पडते मी. मधल्या सुट्टीत."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की बाबाला ते पटलं. नको तेवढा वेळ पटलं. शाळेचं मैदान, पळणारी पोरं, धक्का, सगळं त्यानं मनात नीट मांडूनही पाहिलं. कुणाला शंका आली नसती. फक्त सोमवार लांब होता.

मग लेकीच्या वरच्या ओठावर घाम दिसला. ती हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघून हसत होती. गाडी हातातून सुटली, की शिकाऊ असंच हसतात. समोर बघत नाहीत, शेजारच्याकडे बघतात.

बाबानं तिला उचललं, गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि तिच्या आईला फोन लावला. तेव्हा मात्र लेक रडायला लागली. "नको ना, बाबा. मग मला परत तुझ्याकडे सोडणार नाहीत."

त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. घोडा, टाच, दगड. चूक माझीच. दवाखान्यात नेतोय. कोर्टात काय सांगायचं ते सांग, मी हरकत घेणार नाही. एवढं खरं तो लग्नातही कधी बोलला नव्हता.

बाबानं किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"झालं तुझं?" पलीकडून तिची आई म्हणाली. "फोन तिच्या कानाला लाव."