एक लाख बत्तीस हजार किलोमीटर

साहेब, तुम्ही खोटारडे आहात. गाडी दक्षिणेत धाडतो, या शहराची हवा तिला पुन्हा लागणार नाही, असं टेबलावर हात आपटून तुम्हीच म्हणाला होतात. मग आज भरदुपारी ग्वाल्हेरच्या पडाव भागात, उमाजीच्या गॅरेजच्या दारात, ती कशी काय उभी आहे?

हे उमाजीनं मनातल्या मनातच विचारलं. तोंडानं तो एवढंच म्हणाला, "छान आहे."

"फक्त छान?" गाडीतून उतरलेली मुलगी हसली. "काका, स्पोर्ट्स कार आहे! बघा तरी नीट."

नाव अंतरा, राहायला माधवगंजात, नोकरी बँकेत, असं तिनं एका दमात सांगून टाकलं. नवी घ्यायची ऐपत नाही, जुनी परवडते. पण मीटरवर एक लाख बत्तीस हजार किलोमीटर. "डीलरनं तासाभरासाठी दिलीय. तुम्ही हो म्हणालात तर घेते, नाही म्हणालात तर सोडते. बस."

नंबर वेगळा होता, सीटची कव्हरं वेगळी होती. पण गाडी तीच. तीन वर्षांपूर्वी साहेबांचा माणूस ती ताडपत्रीत गुंडाळून घेऊन आला होता. डावा दिवा फुटलेला, डावा पत्रा आत गेलेला आणि पत्र्याच्या घडीत स्कूटरच्या हँडलचं रबर अडकलेलं. शहरातल्या कंपू भागाजवळ एका माणसाला उडवून गाडी पळाली, ही बातमी उमाजीनं त्याच सकाळी वाचली होती. तरी त्यानं काही विचारलं नाही. शटर ओढलं, चार दिवसांत डावी बाजू नवी केली आणि पिवळी गाडी काळी करून दिली. बदल्यात गॅरेजच्या जागेचा अडवून ठेवलेला कागद साहेबांनी मोकळा केला.

बायकोलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं. उघडकीला आलं तर साहेब हात झटकणार आणि बेड्या पडणार त्या उमाजीला. मोठ्यांची कामं करणाऱ्या लहान माणसाचं दुसरं काय होतं?

"काका, लोक म्हणतात, उमाजी मिस्त्री गाडी नेहमी डावीकडून बघतात. सच्ची?"

"पणजोबा पागेत होते. घोड्याजवळ जायचं तर डावीकडूनच. ती सवय घराला लागली."

"म्हणजे गाडी लाथ मारेल अशी भीती!"

उमाजी हसला. हसला आणि उजवीकडून सुरुवात केली.

अंतरानं न बघता हात खाली घालून बॉनेट उघडलं. त्यानं ऑइल बघितलं, पट्टे बघितले, इंजिन चालू करून कान लावला. एवढं रनिंग होऊनही इंजिन कुणीतरी जिवापाड जपलं होतं. आवाजात कुठे खरखर नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो खूश झाला असता.

आज नाही. पोरीनं घेतली तर ही गाडी रोज याच रस्त्यांवरून फिरणार. उद्या कुठेतरी घासणार, कुणीतरी मिस्त्री रंग खरवडणार. नाही, तिला घेऊ द्यायची नाही. पण कारण काय सांगायचं? डाव्या बाजूचं नाव काढणं म्हणजे आपल्याच गळ्याला दोरी. उरला मीटर.

"नको घेऊस, बेटा."

"का?"

"एक लाख बत्तीस हजार म्हणजे गंमत नाही. इंजिन थकलंय. गिअरबॉक्स कधीही बसेल. पार्ट दिल्लीहून मागवत बसशील."

"पण आवाज तर मक्खन आहे!"

"आवाजावर जाऊ नकोस. घरी कुणाला विचारलंस का? वडिलांनी पाहिलीय गाडी?"

"पाहिलीय ना. अगदी जवळून."

"मग काय म्हणाले?"

"काहीच नाही."

ती फिरत फिरत डावीकडे गेली. डाव्या दिव्याच्या वरच्या पत्र्यावर तिनं तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"आणि ही बाजू? कुठे ठोकली-बिकली नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. डावी बाजू कंपनीतून आली तशीच आहे."

"रंगसुद्धा?"

"रंगसुद्धा."

"तुम्ही तर हातही नाही लावला, काका."

"लांबून कळतं आम्हाला." आपला आवाज चढलाय हे त्याचं त्यालाच जाणवलं. "खराबी इंजिनात आहे म्हणतोय ना? परत करून टाक डीलरला."

अंतरानं मान हलवली, बॉनेट हलकेच बंद केलं आणि किल्ली हातात घेतली. सुटलो, असं उमाजीला वाटलं.

पण ती गाडीत बसली नाही. तिथंच, डाव्या दिव्यापाशी उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

"अशी गाडी डीलर कुणाला एकट्याला तासभर देतो का, काका? दोन महिने झाले, ही माझीच आहे. ग्वाल्हेरातल्या अकरा मिस्त्र्यांना दाखवली मी. अकराच्या अकरा म्हणाले, रनिंगचं टेन्शन घेऊ नका, इंजिन मस्त आहे, पण डावी बाजू ठोकून नवी केलीय, काळ्याखाली पिवळा आहे. तोच पिवळा माझ्या बाबांच्या स्कूटरला अजून चिकटलेला आहे. बारावे तुम्ही. डावी बाजू शाबूत दिसली ती एकट्या तुम्हाला. आता नाव सांगा. त्या दिवशी ही गाडी तुमच्याकडे कुणी पाठवली?"