कापूस हलला नाही

सगुणा सुईण आयसीयूत शिरली तीच कमरेच्या पिशवीतून कापूस काढत. चाळीस वर्षं गावात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या नाकाशी तिनं कापूस धरला होता. तो हलला की मगच म्हणायची, "जिवंत आहे."

ऑपरेशननंतर लेक बेशुद्ध होती, तोंडात नळी. सगुणानं कापसाचा पुंजका तिच्या नाकाशी धरला. तंतूसुद्धा हलला नाही. ती ओरडली, "गेली गं माझी बाय!"

"आजी, ती नाकातून नाही, नळीतून श्वास घेतेय." सिस्टरनं तिला उशाच्या यंत्राकडे वळवलं. पडद्यावर एकामागून एक पिवळ्या टेकड्या उगवत होत्या. "तिनं सोडलेला श्वास इथं येतो. आत न दिसणारा उजेड असतो. श्वास त्यातला थोडा पितो. किती प्यायला, ते मोजून यंत्र प्रत्येक श्वासाची एक टेकडी काढतं."

सगुणा बघतच राहिली. तिच्या कापसाला 'आहे' की 'नाही' एवढंच कळायचं; इथं लेकीचा एकेक श्वास डोंगर चढून उतरत होता.

तिनं तोच पुंजका बोटांत वळून त्याचं वस्त्र केलं आणि देवाला वाहतात तसं यंत्राच्या माथ्यावर ठेवलं. "हे इथं चालत नाही" म्हणत सिस्टरनं हात पुढे केला, आणि ते पडू नये म्हणून जरा मागं सरकवून तिथंच ठेवलं.