झाकणाखालचे पॉइंट

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर कारभारी मिस्त्रीनं पहिलं बॉनेट उघडलं ते गोरक्षनानांच्या जुन्या फियाटचं. गेली दोन वर्षं डिस्ट्रिब्युटरचं झाकण न काढताच तो "पॉइंट घासले, नाना" म्हणून गाडी परत देत होता. नजर गेल्याचं श्रीगोंद्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. आज झाकण काढलं, तर आत ठिणगीचे, झिजले की घासायचे ते पॉइंटच नव्हते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची काळी डबी होती. तिला घासणं-बिसणं काही लागत नाही. मिस्त्रीनं झाकण लावलं, पुन्हा काढलं, उगाच फडकं शोधलं. शेवटी राहवेना.

"नाना, ह्ये कधी बसवलं?"

"तुमाला दिसंना झालं, तवाच," नाना म्हणाले. "मिस्त्री बदलायचा न्हवता मला."