एकोणिसावा प्रश्न

"तेवीस फॉर्म पाठवले होते. परत किती आले?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"तीन," केंद्राच्या शिक्षिका म्हणाल्या. "त्यातला एक कोरा. खाली सही तेवढी आहे."

तपासनीस बाईंनी रकान्यात दोनचा आकडा घातला. आठवड्यातलं हे नववं केंद्र. वाचताना-लिहिताना अडणाऱ्या मुलांसाठी शाळाशाळांतून चालणाऱ्या या केंद्रांचा उपयोग होतो का, ते पाहायचं. होत नसेल तर बंद करायची शिफारस करायची. नियम सोपा होता. निम्म्या पालकांनी तरी फॉर्म भरून दिला पाहिजे. पालकांनाच पडलेली नसेल, तर कार्यालयानं कशाला आटापिटा करायचा?

खोली पूर्वी खेळाच्या सामानाची होती. हवा गेलेला एक फुटबॉल अजून कपाटाखाली होता. भिंतीवर हातभर उंचीची खरखरीत अक्षरं चिकटवलेली, मुलांनी बोट फिरवून फिरवून कडा झिजवलेली.

"पालकांना काळजी नाही, असं लिहू नका," शिक्षिका म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा, इतक्या जणांना सांगितलं होतं की त्यात आता विनवणीही उरली नव्हती.

"मी कुठं काय लिहिते हो? आकडा लिहिते."

केंद्र बंद झालं तर मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार होतं, दोन बस बदलून. म्हणजे कुणी जाणार नव्हतं. ते दोघींनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात एक रंगारी उभा राहिला. नखांत पांढरा रंग, हातात चौघडी केलेला फॉर्म. बाकावर बसून दप्तर भरणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीनं वर पाहिलं. तिचे वडील.

"भरलात का, दादा?" शिक्षिकांनी विचारलं. मग तपासनीस बाईंकडे वळून म्हणाल्या, "भिंतीवरच्या या खरखरीत अक्षरांसाठी पॉलिश पेपर हेच आणून देतात."

"भरायचाच राहिला, बाई. चष्मा घरी विसरला."

चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. दोघींनी तो पाहिला आणि दोघींनीही नजर दुसरीकडे वळवली.

"चिऊ वाचून दाखवेल, तुम्ही उत्तर सांगा," शिक्षिका म्हणाल्या. "मी लिहिलं तर चालणार नाही. या लिहितील."

तपासनीस बाईंनी पेन उघडलं. नाही मामापेक्षा काणा मामा बरा. दोनाचे तीन तरी होतील.

फॉर्म चार पानी होता. अठ्ठावीस प्रश्न, अक्षर मुंगीएवढं. तो तपासनीस बाईंनीच तयार केला होता, तीन बैठका घेऊन. काही म्हणता काही सुटू नये म्हणून त्यांनी स्वतः रात्री जागून... नाही, ते आता आठवून उपयोग नव्हता. शिक्षिकांनी तिसरं पान उघडून मुलीपुढे ठेवलं. "एकोणिसावा वाच. मुद्द्याचा तोच आहे."

मुलीनं पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"कें... द्रा... केंद्रातील... सा... सा..."

बोट तिथंच थांबलं. बाहेर शिपाई एकेका वर्गाच्या खिडक्या लावत येत होता. तपासनीस बाईंचे पाय सकाळपासून सुजले होते. त्यांनी हात पुढे केला. "इकडे दे बाळा, मी वाचते."

शिक्षिकांनी कागदावर हात ठेवला. "थांबा. ती वाचतेय."

मुलीनं बाकावर बोटानं अक्षर काढलं, पुन्हा काढलं, मग कागदाकडे वळली. "साहा... य्या... साहाय्यामुळे. आपल्या पाल्याच्या. वाच... नात." शिपायानं एक वर्ग संपवला, दुसरा घेतला. शेवटचा शब्द संपल्यावर ती परत पहिल्यावर आली आणि सगळं एका दमात म्हणाली, "केंद्रातील साहाय्यामुळे आपल्या पाल्याच्या वाचनात प्रगती झाल्याचे आढळते काय?"

"दुसऱ्यांदा सलग वाचायचं असतं," तिनं वडिलांना समजावलं.

रंगाऱ्यानं खिशातला चष्मा काढला, हातात धरला, पुन्हा ठेवून दिला.

"काय लिहू?" तपासनीस बाईंनी विचारलं.

"मला नसतं आलं हे," तो म्हणाला. "तिसरीतच सोडली मी शाळा. मास्तर म्हणायचे, डोक्यात दगड भरलेत. तुम्ही ऐकलंत ना आत्ता तिला? मग ऐकलंत तेच लिहा."

खाली उत्तरांचे चार चौकोन होते, पहिला 'होय, बरीच' असा. तपासनीस बाईंनी पहिल्यात खूण केली, आणि त्यांचं लक्ष शेजारच्या कोऱ्या फॉर्मकडे गेलं. सही ठसठशीत होती, अक्षरागणिक थांबून काढलेली. त्यांना लाज वाटली. इतके दिवस आपण उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि शेळ्या आल्या नाहीत म्हणून शेळ्यांनाच बोल लावायला निघालो होतो.

शिपाई दारात आला. "वर्ग सगळे बंद केले, बाई. इथं पाचची तुकडी यायचीय ना अजून?"

"पाचच्या मुलांना सोडायला पालक येतात ना?" तपासनीस बाईंनी शिक्षिकांना विचारलं.

"दहा-बारा येतील. बाकीचे उद्या."

"मग आज बसते. उद्याही येते. एकेकाला विचारून मीच लिहिते." त्यांनी पर्स खुर्चीवरून उचलून खाली ठेवली.

चिऊ अजून फॉर्मपाशीच होती. तिनं पहिलं पान पाहिलं, उलटलं, दुसरं पाहिलं, थेट चौथ्यापर्यंत गेली आणि दमून शिक्षिकांकडे पाहत म्हणाली,

"एवढं सगळं कोणी लिहिलंय?"

तपासनीस बाई पेनाचं टोपण शोधू लागल्या.