मावशीचं स्टिकर

चष्मा न्यायला आलेल्या बाई मावशीकडे तिसऱ्यांदा वळून हसल्या, तेव्हा काउंटरमागे उभ्या असलेल्या भाचीने मान खाली घातली. ती मावशीच्या नव्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होती. काडी जरा जास्तच वाकली.

दुपारची वेळ, दुकानात दोघीच गिऱ्हाइकं. मावशीचा जवळचा नंबर वाढला होता. खुर्चीत बसल्यापासून तिचं तोंड चालू होतं. शिवणाच्या वर्गातल्या बायका म्हणतात, या मोबाइलने माणसं तुटली. मावशीला ते अजिबात पटत नव्हतं. तिची लेक विमानाने दीड दिवसाच्या अंतरावर राहत होती, पण रोज सकाळी तिचं तोंड दिसायचं. नुसत्या आवाजात काय आहे, मावशी म्हणत होती, चेहरा दिसला की माणूस समोर बसल्यासारखं वाटतं.

शेवटी त्या बाईंना राहवलं नाही.

"तुम्ही त्याच ना? 'संपलं की हो'वाल्या?"

मावशीला काही कळेना. बाईंनी फोन काढला, बोटाने वरखाली केलं आणि तिच्यापुढे धरला. कडेने कापून काढलेला मावशीचा चेहरा. तोंड उघडं, डोळे मोठ्ठे, हात कपाळावर. खाली लाल अक्षरांत 'संपलं की हो!'. बाई कौतुकाने सांगू लागल्या. ऑफिसात चहा संपला की हेच स्टिकर, रविवार संपला की हेच, साहेबांची रजा संपली, मग तर विचारूच नका. त्यांच्या घरी मुलं ऑनलाइन गेम हरली की एकमेकांना हेच पाठवतात. ही खरीखुरी बाई असेल, असं त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं, कुठल्यातरी नाटकातली नटी असेल.

जाताना त्यांनी मावशीबरोबर एक फोटो काढून घेतला. मावशीने केस नीट केले, पदर सारखा केला आणि हसून उभी राहिली.

बाई गेल्यावरही ती हसतच होती. एवढ्या लोकांना आपण हसवतो आणि आपल्यालाच पत्ता नाही, याची तिला मोठी गंमत वाटत होती. उद्या वर्गात सांगितलं तर कोणाचा विश्वास बसायचा नाही.

"पण हे केलं कुणी असेल गं?"

'कोण जाणे' हे उत्तर भाचीने दोन वर्षांपासून तयार ठेवलं होतं.

"मी," ती म्हणाली.

गंमत म्हणून केलं होतं, एवढंच तिने सांगितलं. बाकीचं तिच्या तोंडून निघेना. दोन वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशीचा व्हिडिओ कॉल आला. मावशीचा कॉल म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. तिने आवाज बंद केला, फोन आरशाला टेकवून ठेवला आणि गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवता दाखवता अधूनमधून मान हलवत राहिली. मध्येच मावशीने कपाळावर हात मारला. तो चेहरा तिला इतका मजेशीर वाटला की तिने पटकन फोटो टिपला. हात मोकळे झाल्यावर पाच मिनिटांत स्टिकर बनवून भावंडांच्या ग्रुपवर टाकलं. सगळे पोट धरून हसले.

संध्याकाळी आईचा फोन आला. काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, सकाळी अर्धांगवायूचा झटका आला होता. जीव वाचेल, पण वाचा परत येणार नाही, असं डॉक्टरांनी मावशीला दुपारी सांगितलं होतं. भाचीने ग्रुपवरून स्टिकर काढून टाकलं, पण तोवर ते दहा ठिकाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली, मावशीच्या गळ्यात पडून रडली, आणि त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. काका पुढे दीड वर्ष होते. एक शब्द न बोलता गेले. त्या दीड वर्षात शाळेतल्या मैत्रिणीने तिला ते स्टिकर पाठवलं, भिंगं पुरवणाऱ्या माणसाने पाठवलं, एकदा तर दुकानाच्या मालकानेही. प्रत्येकाला तिने हसरा चेहरा पाठवला होता.

"दाखव बरं नीट," मावशीने हात पुढे केला. "आणि तो चष्मा दे."

भाचीने काडी थोडी सरळ केली, चष्मा मावशीच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे बोट फिरवून बघितलं. मग आपल्या फोनवर स्टिकर काढून दिलं. मावशीने फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. तिचं हसू अजून ओठांवर होतं. मग ती कपाळावरच्या हाताकडे बघायला लागली. मनगटाला पिवळी कागदी पट्टी होती. दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांना बांधतात तसली.

तिने फोन काउंटरवर ठेवला.

"तुझ्याशीच बोलत होते मी," ती म्हणाली. "तू मान हलवत होतीस."

"आवाज बंद होता, मावशी. गर्दी होती गं."

मावशीने चष्मा काढला. नवा कोरा होता, तरी पदराने पुसला. ती रागावली असती तर भाचीला बरं वाटलं असतं. पण तिच्या आवाजात राग नव्हता. जुनी गोष्ट आज उलगडल्यासारखी ती हळूहळू सांगत होती. लेकीला पोचायला दोन दिवस लागणार होते. फोनमध्ये नाव दिसलं ते भाचीचं.

"मी विचारत होते, येतेस का जरा. तू हो म्हणालीस. म्हणजे मला तसं वाटलं." तिने चष्म्याची घडी घातली. "मग खाली दारात येऊन उभी राहिले अंधार पडेपर्यंत. म्हटलं, एवढा मोठा दवाखाना, तुला वॉर्ड सापडायचा नाही."